मुलांचं सचित्र बायबल, 2 भागांचा सेट: चित्रं झकास, पण त्या 'खरंच घडलं!' शिक्क्याचं काय करायचं?

5 पैकी 3 स्टार. घ्यायचा असेल तर पूर्ण वाचा, घाई असेल तर एवढंच सांगतो की दुसरा भाग डोळे झाकून घ्या आणि पहिला घेताना शेजारी बसून पोरांबरोबर वाचायची तयारी ठेवा.

डिसेंबरात मिरजेत एका स्टॉलवर घेतला. दोन भाग मिळून 600 रुपये, सुटे नव्हते म्हणून स्टॉलवाल्यानं वर एक कॅलेंडर दिलं. प्रकाशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चुका काढणार आहे आणि मला भांडण नकोय, ज्यांच्याकडे आहे त्यांना वाचताना कळेलच. आम्ही सांगलीचे, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, पोरगी सहावीत, घरात आई म्हणजे पोरीची आजी, तेव्हा पुस्तकाची टेस्टिंग तीन पिढ्यांनी केलीय असं समजा.

आधी चांगलं. बाइंडिंग शिवलेलं आहे, नुसतं डिंकानं चिकटवलेलं नाही, महिनाभर आडवंतिडवं वापरून एक पान सुटलं नाही. अक्षर मोठं. कागद ग्लॉसी आहे त्यामुळे ट्यूबलाइटखाली चमकतो आणि आजीला वाचताना पुस्तक तिरकं धरायला लागतं, पण चहा सांडला तर पुसता येतो (टेस्ट झालीय). चित्रं म्हणजे कमाल, दावीद आणि गल्याथचं डबल पानाचं चित्र आहे त्यात गोफणीची दोरी इतकी ताणलेली दाखवलीय की पोरगी पान उलटताना मान बाजूला घेते.

भाषा मात्र बेकार. सरळ इंग्लिशवरनं उचललेली. 'नोहा खूप उत्साहित झाला', 'वाह, किती अद्भुत दिवस!' असं कोण बोलतं ओ मराठीत? मराठीत बायबल काय कालपरवा आलेलं नाही, विल्यम केरी या मिशनरी साहेबांचा नवा करार (बायबलाचा येशूपासनंचा भाग) 1811 चा आहे, पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून शेवटपर्यंत त्याच कामात होत्या, 1922 मध्ये गेल्या. आणि आज आपण पोरांना 'उत्साहित झालेला' नोहा देतोय.

चित्रात पण गंमती आहेत. एदेन बागेत सफरचंद काढलंय, बायबलात नुसतं 'फळ' आहे, कुठलं ते लिहिलेलंच नाही. योनाला व्हेल गिळतो, मूळात 'मोठा मासा' एवढंच आहे. येशूच्या जन्माला ताऱ्यामागनं येणारे तीन राजे मुकुट घालून उंटावर. आता मत्तयाचं शुभवर्तमान उघडून बघा, ते मागी लोक आहेत, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, राजे नाहीत, आणि तीन हा आकडाच नाही, सोनं, ऊद, गंधरस या तीन भेटी आहेत म्हणून आपण तीन माणसं धरली. तबेला पण कुठं लिहिलेला नाही, लूकात फक्त गव्हाणी आहे. पोरीनं विचारलं गव्हाणी म्हणजे कारखान्यात मोळी टाकतात ती गव्हाण का, मी म्हटलं नाही बाळा, गुरांना वैरण घालायची ती, मूळ अर्थ तोच, कारखान्यानं शब्द तिथनं उचललाय. आमच्याकडच्या पोरांना गव्हाण म्हटलं की गळीत हंगामच आठवणार.

आता या चुका मी धरल्या नसत्या. नाताळच्या देखाव्यात आम्ही पण तीन राजेच ठेवतो, कापसाच्या दाढ्या लावून. पण या पुस्तकात प्रत्येक गोष्टीच्या शेवटी लाल रंगाचा गोल शिक्का छापलाय, 'खरंच घडलं!', खाली छोट्या अक्षरात 'ही गोष्ट नाही, शब्दशः सत्य घटना आहे'. आणि जो माणूस शब्दशः म्हणतो त्यानं निदान शब्द तरी तपासायला नकोत का? सफरचंदाखाली शब्दशःचा शिक्का!

शिक्क्याचा कळस सांगू? दुसऱ्या भागात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, याजक बघून पलीकडनं निघून जातो, लेवी म्हणजे मंदिराचा सेवक तोही निघून जातो, आणि ज्याला ते लोक हलका समजायचे तो शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेत नेतो, पैसे भरतो. हा येशूनं सांगितलेला दाखला आहे. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला उत्तर म्हणून सांगितलेली गोष्ट. त्याच्याखाली पण 'खरंच घडलं!' म्हणजे खुद्द येशूनं जे गोष्ट म्हणून सांगितलं ते पण यांनी पंचनामा करून सोडलं. मला वाटतं शिक्का मारणाऱ्यानं वाचलंच नाही, कॉपी पेस्ट मारत गेला. आणि दाखला घडलेला नाही म्हणून तो खोटा ठरतो का, तर नाही, त्या शोमरोन्याचं नाव गाव कुणी विचारत नाही तरी दोन हजार वर्षं तो माणूस आपल्याला टोचतोय.

पहिल्या भागात पहिलीच गोष्ट सृष्टीची. पहिल्या दिवशी उजेड, चौथ्या दिवशी सूर्य चंद्र तारे. शिक्का. पोरगी बोट ठेवून म्हणाली, "पप्पा, सूर्य चौथ्या दिवशी झाला तर पहिले तीन दिवस दिवस कसे झाले? संध्याकाळ कशी झाली?" मी गप्प. नंतर शोधलं तर कळलं की हाच प्रश्न अलेक्झांड्रियाच्या ओरिजेननं विचारलाय, तिसऱ्या शतकात, तो चर्चचाच मोठा पंडित, त्याचं म्हणणं असं की सूर्याशिवाय सकाळ संध्याकाळ झाली आणि देवानं शेतकऱ्यासारखी झाडं लावली हे शब्दशः धरणारा भोळा कोण असेल. ऑगस्टिननं पण सन 400 च्या पुढंमागं उत्पत्तीवर लिहिताना बजावलंय की तारे-ग्रहांच्या विषयात ख्रिस्ती माणसानं पवित्र शास्त्राच्या नावानं काहीतरी ठोकून दिलं तर बाहेरचे लोक हसतात आणि मग बाकीच्या शिकवणीवर पण विश्वास ठेवत नाहीत. म्हणजे शब्दशः न घेणं हे आजकालच्या शिकलेल्या पोरांचं फॅड आहे असं जे आमच्यात काही जण म्हणतात ते खरं नाही, हा वाद बायबलाच्या वाचकांत पहिल्यापासनं आहे. आणखी गंमत, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी प्राणी मग माणूस, दुसऱ्या अध्यायात आधी आदाम मग प्राणी. दोन्ही शब्दशः कसं घेणार? ज्यानं हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्याला काय दिसत नव्हतं का? त्याला वेळापत्रक द्यायचंच नव्हतं असं मला वाटतं.

आता मेन मुद्दा, नोहा, म्हणजे जगबुडीच्या पुरातनं घरच्यांना आणि प्राण्यांना तारवात (मोठ्या जहाजात) घेऊन वाचलेला तो.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 आहे, बाकी सांगलीकरांना सांगायला नको. पोरगी तेव्हा पाच वर्षांची, तिला गच्चीवरनं बोटीत उतरवली ते तिला अजून आठवतं, बोटीतल्या काकांनी पारले बिस्किटाचा पुडा दिला ते जास्त आठवतं. आजीचं बायबल खालच्या कपाटात होतं, ते भिजलं. पाणी उतरल्यावर आजीनं पंख्याखाली एकेक पान सोडवलं, वर्तमानपत्र मध्ये घालून इस्त्री फिरवली, आता ते पुस्तक फुगून दुप्पट झालंय आणि मिटत नाही. शेवटची प्रकटीकरणाची, म्हणजे जगाच्या शेवटाची पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. आजी म्हणते, शेवट काय होणार ते देवाला ठाऊक, मला बघायची घाई नाही.

तर अशा घरात हे पुस्तक नोहाच्या पानावर काय लिहितं, 'सर्व वाईट लोक पाण्यात बुडाले, कारण त्यांनी देवाचे ऐकले नाही. खरंच घडलं!' बाजूला हसरा जिराफ. पोरीनं वाचलं, थोडा वेळ थांबली आणि आजीला विचारलं, "आजी, आपल्याकडं पाणी आलं ते पण देवानंच पाठवलेलं का? आपण वाईट होतो का?"

आजी कट्टर आहे बरं का. लिहिलंय तसं घडलं, विषय संपला, असं तिचं आयुष्यभराचं. पण ती पण पटकन बोलली नाही. भाजी निवडत होती, मेथीची जुडी खाली ठेवली, म्हणाली, "नोहाला देवानं सात दिवस आधी सांगितलं होतं. आपल्याला सात तास पण नाही मिळाले. तो पूर वेगळा, हा वेगळा." आणि परत मेथी. मला तिचं उत्तर त्या शिक्क्यापेक्षा शंभर पटीनं आवडलं. गच्चीवर अडकलेल्या शेजाऱ्यांना ती पापी म्हणू शकत नाही, काहीही शब्दशः असो.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगतो, पटलं तर घ्या. त्या गच्चीवरनं बघितलं तेव्हा चारी बाजूला पाणीच पाणी, तेव्हा माझ्या पोरीला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की सगळं जग बुडालंय, आणि ती खोटं बोलत नसती. तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या काठचे लोक पण आपल्यासारखेच नदीकाठचे, त्यांच्यात पुराच्या गोष्टी असणारच. 1872 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं मातीच्या फळ्यांवरनं गिल्गामेश नावाच्या तिकडच्या प्राचीन राजाच्या कथेतला पूर वाचून दाखवला, त्यात पण देवाचा इशारा, जहाज, प्राणी, पाणी ओसरलं का बघायला सोडलेले पक्षी, सगळं आहे. आणि त्या फळ्या सापडल्या कुठं तर निनवेत, तेच निनवे जिथं देव पाठवत असूनही योनाला जायचं नव्हतं! पुस्तकात ही माहिती टाकली असती तर पोरं उड्या मारत वाचली असती. शेजारच्या काकू बसल्या होत्या त्या म्हणाल्या आमच्यात मनूची गोष्ट आहे, मासा येऊन सांगतो पूर येणार, मग नाव त्याच्या शिंगाला बांधतात. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मासा योनाकडनं तिकडं गेला असंल. काकू हसल्या, विषय चहावर गेला.

अख्ख्या पृथ्वीवर एकाच वेळी डोंगर बुडतील एवढं पाणी आलं होतं असं मी मानत नाही, खडकात तशी खूण कुठं सापडत नाही. बिशप अशर यांनी 17 व्या शतकात बायबलातल्या पिढ्या मोजून सृष्टी इ.स.पूर्व 4004 मध्ये झाली असं काढलं, त्यांच्या काळात ती मोठी विद्वत्ता होती. पण आपला सह्याद्रीचा काळा दगडच साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, घराच्या पायातला दगड पुस्तकाला खोटं पाडतो म्हटल्यावर पोरगी कुणाचं ऐकणार? चर्चला मी दर रविवारी जातो तरी.

हो, आणि ते 'पुरावा' पान! पहिल्या भागाच्या शेवटी. तारू तुर्कस्तानातल्या डोंगरावर सापडलं असं ठोकून दिलंय, नावेच्या आकाराच्या टेकडीचा फोटो. ती नैसर्गिक टेकडी आहे असं भूगर्भवाले सांगून दमले. यरीहो शहराची भिंत (यहोशवाच्या लोकांच्या आरोळीनं पडली म्हणतात ती) पडल्याचा पण पुरावा म्हणून फोटो, तिथं 1952 ते 58 मध्ये कॅथलीन केन्यन बाईंनी खोदकाम केलं, त्यांच्या हिशोबानं ती भिंत यहोशवाच्या म्हणून धरतात त्या काळाच्या आधीच पडून गेली होती. आणि खरे पुरावे आहेत ते सोडून दिलेत ओ! यरुशलेमात हिज्कीया राजाच्या काळातला म्हणून दाखवतात तो बोगदा आहे, पाचशे मीटरच्या वर लांब, दोन्ही टोकांनी खणत येऊन मधे कामगार भेटले त्याचा कोरीव लेख 1880 मध्ये सापडला, त्यातनं आजपण पाणी वाहतं. ताकारी म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याची वाट बघत मोठ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना ही गोष्ट किती आवडली असती. 1961 ला कैसरियात दगड सापडला, त्यावर पिलाताचं नाव, येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम देणारा रोमन सुभेदार, तोच पंतय पिलात ज्याचं नाव आम्ही दर रविवारी उपासनेत घेतो. 1993 ला तेल दान इथं 'दावीदाचे घराणे' कोरलेला दगड. हे खरं, हे पुराव्यानं दिसतं, याला मारा की शिक्का! पण हसऱ्या जिराफाला आणि हिज्कीयाच्या बोगद्याला एकच शिक्का मारला की पोरगं एक दिवस जिराफावर हसणार आणि बोगदा पण फेकून देणार.

दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर एकतर्फी होईल. आमच्या पाळक साहेबांना पुस्तक दाखवलं. ते म्हणाले शिक्का अतिच आहे, पण तुम्ही पण सगळंच गोष्ट म्हणून सोडू नका, पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय काढा, ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. पौल तिथं दाखला सांगत नाहीये, कोणाकोणाला दिसला त्यांची यादी देतोय. हे मला मान्य आहे, तिथं 'ही आपली एक बोधकथा' म्हणून हात झटकता येत नाहीत, मानायचं तर मानायचं नाहीतर नाही. मग रेघ कुठं मारायची? साहेब म्हणाले, कवितेला कविता म्हणून वाचा, दाखल्याला दाखला म्हणून, साक्षीला साक्ष म्हणून. ऐकायला सोपं वाटतं, योनाच्या पानावर आलं की परत अडकायला होतं, तिथं साहेबांचं आणि माझं पण एकमत नाही.

आणि शब्दशःवाले पण जगताना शब्दशः वागत नाहीत हे आपण मिरजेजवळ राहणाऱ्यांनी तरी बघावं. योहानाच्या 9 व्या अध्यायात येशू थुंकीनं चिखल करून जन्मांध माणसाच्या डोळ्यांना लावतो. मिरजेत मिशनचं हॉस्पिटल 1894 ला सुरू झालं, डॉक्टर वानलेस यांनी उभं केलेलं, तिथल्या देवभक्त डॉक्टरांनी लोकांचे मोतीबिंदू काढले ते चाकूनं. चिखल कुणी लावला नाही. आजीच्या पण डोळ्याचं ऑपरेशन झालंय, भूल देताना ती स्तोत्र म्हणत होती आणि नंतर ड्रॉप्स वेळच्या वेळी घालत होती.

आता पुस्तकाबरोबरच्या क्विझचं. मागं क्यूआर कोड आहे, स्कॅन केलं की ऑडिओ आणि प्रश्न. ऑडिओ बरा आहे, आवाज बाईचा, गोड, फक्त 'शलमोन'ला 'सोलोमन' म्हणते. क्विझमध्ये प्रश्न, नोहाने प्रत्येक प्राणी किती घेतले? पोरीनं आजीच्या फुगलेल्या बायबलात शोधून लिहिलं, शुद्ध पशूंच्या सात जोड्या आणि अशुद्धांची एक, उत्पत्ती 7:2. ॲपनं लाल फुली मारली, बरोबर उत्तर म्हणे 2. सहाव्या अध्यायात दोन आहे हे खरं, सातव्यात सात आहे हे पण खरं. 'शब्दशः' शिकवणाऱ्या ॲपनं शब्द वाचणाऱ्या पोरीला नापास केलं. ती रडली नाही, भडकली. मागच्या पानावरच्या नंबरवर मी व्हॉट्सॲप केला, स्क्रीनशॉटसह. तीन दिवसांनी उत्तर आलं, कबुतराचं स्टिकर आणि 'शंका ही सैतानाकडून येते, प्रार्थना करा'. अहो मी क्विझमधली चूक सांगतोय! सर्व्हिसला शून्य.

एक मात्र या पुस्तकाचं कौतुक करायलाच पाहिजे, नोहाच्या पानावर मापं दिलीत, लांबी 300 हात, रुंदी 50 हात, उंची 30 हात, आणि कंसात 450 फूट, 75 फूट, 45 फूट. पोरीनं विचारलं हात म्हणजे कुणाचा हात? म्हटलं चल मोजू. कोपरापासनं मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. शिवणाच्या डब्यातला टेप काढला. माझा हात भरला 19 इंच, आजीचा 17, तिचा 14. मग वहीत गुणाकार. माझ्या हातानं तारू 475 फूट, आजीच्या हातानं 425, तिच्या हातानं 350. आजी म्हणाली, नोहाचा हात मोठाच असणार, 600 वर्षांचा म्हातारा तो, आणि पोरगी म्हणाली, आजी वय वाढलं की हात वाढत नाही, तुझा बघ. महिन्याभरात त्या पुस्तकावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं टीव्हीवर वर्षभरात होत नाही, म्हणून 3 स्टार, नाहीतर 2 च देणार होतो.

स्टॉक मिरजेत अजून असेल. ज्यांना नुसता पहिला भाग बघायचा आहे त्यांनी आमचा घेऊन जा, वाचून परत द्या. फक्त नोहाच्या पानावर 450 फूट खोडून बाजूला पेनानं '425 (आजी)' लिहिलंय, ते खोडू नका, पोरगी दर वेळी आल्यावर तपासते.